‘दाखला काढा’ म्हणजे नक्की काय? सहावीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी समग्र शिक्षा अभियानात, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. पश्चिम महाराष्ट्रातला डोंगराकडेचा तालुका, आठवड्यातले चार दिवस शाळा फिरायच्या आणि एक दिवस केंद्रात बसून कागद निस्तरायचे. हे प्रकरण अशाच एका जिल्हा परिषद शाळेतलं आहे. मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धाकटी बहीण त्याला दादू म्हणते, म्हणून इथेही दादूच.

दादू तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. वडील टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, त्रास कुणाला नाही, वही मात्र कोरी. मंगळवारच्या बाजारात आजीबरोबर भाजी विकायला बसला की हाच मुलगा वेगळा दिसे. साठ रुपये किलोची वांगी पाऊण किलो घेतली तर पंचेचाळीस, हे गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आत सांगायचा. तेच ‘पंचेचाळीस’ वहीत लिहायला सांगितलं की ५४.

यावर पटकन निष्कर्ष काढू नये. मराठीत आपण पाच आधी बोलतो, चाळीस नंतर, आणि लिहिताना उलट. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण अडचण खरी होती. पहिली-दुसरीतली पुष्कळ मुलं असे आकडे उलटे लिहितात आणि पुढे सावरतात. दादू सहावीतही सावरला नव्हता, एवढीच त्यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट.

अडचण

जुलैत वर्गशिक्षिकेने ‘प्रशस्त’ भरलं. मुलांमधली दिव्यांगत्वाची लक्षणं टिपायला एनसीईआरटीने २०२२ मध्ये आणलेली ही तपाससूची आहे. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा आमच्यासारख्याने. दादूच्या नावापुढे बऱ्याच खुणा झाल्या. मुख्याध्यापकांनी पालक सभेनंतर वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, “याचा दाखला काढून घ्या, म्हणजे पुढं सोपं जाईल.”

दुसऱ्या दिवसापासून दादू शाळेत आला नाही.

तीन आठवडे गेले. शाळेला वाटलं, भात लावणीला नेला असेल. मग मुख्याध्यापकांचा मला फोन आला, “मॅडम, ते पोरगं गळतीत जाणार बघा, बाप ऐकत नाही.” मी घरी गेले तेव्हा वडील ओसरीवर बसलेले. बोलायला तयार नव्हते. आजीच म्हणाली, “साळंनंच काढून टाकलं की वो. दाखला काढा म्हणाले. आता कुठं घालायचं त्येला?”

मला उलगडायला मिनिटभर लागलं. गावात ‘दाखला काढणे’ याचा अर्थ एकच, शाळा सोडल्याचा दाखला. मुख्याध्यापकांच्या डोक्यात होतं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. सर रोज अशी चार कागदपत्रं हाताळतात, त्यांना ‘कसला’ दाखला हे सांगायची गरज वाटली नाही. वडिलांनी ऐकलं की पोरगं शिकायच्या लायकीचं नाही, घेऊन जा. ते त्या तीन आठवड्यांत ‘मतिमंदांची निवासी शाळा’ कुठे आहे याची चौकशी करून आले होते.

फाईलमधले शब्द

वडिलांना हे इतकं सहज खरं का वाटलं, ते आईने कपाटातून काढलेल्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये सापडलं. दादू चौथीत असताना नात्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या गावी एका खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक काढून आणला होता. दोन पानी अहवाल, इंग्रजीत. बिने-कामत चाचणी, बुद्ध्यांक ८२, शेवटच्या ओळीत ‘स्लो लर्नर’.

या शब्दाचा प्रवास मी आईकडून टप्प्याटप्प्याने काढून घेतला. अहवालात ‘स्लो लर्नर’. चौथीच्या शिक्षकांनी मराठीत सांगितलं ‘गतिमंद’. घरी येईपर्यंत त्याचं ‘मतिमंद’ झालं, आणि भावकीत ‘डोक्यानं कमी’. आईने मला फार हळू आवाजात विचारलं, “मॅडम, खरंच कमी हाय का हो तो?”

इथे थोडं थांबायला हवं, कारण अशा मुलांसाठी सरसकट वापरले जाणारे चार शब्द म्हणजे चार वेगळ्या वाटा आहेत.

‘मतिमंद’ हा जुना शब्द. आता कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतात. त्यासाठी बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली हवा आणि शिवाय रोजच्या व्यवहारातही, म्हणजे पैसे, वेळ, स्वतःची कामं यांत, वयाच्या मानाने स्पष्ट मागेपण हवं. नुसता आकडा पुरत नाही. बाजारात पाऊण किलोचा हिशेब करणारा दादू त्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता.

‘स्लो लर्नर’ म्हणजे ७० ते ८५ च्या दरम्यानची मुलं. शाळांच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो, पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही, परीक्षेत सवलत नाही, आणि वर्गाचा वेगही झेपत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या मुलांची गत. ‘गतिमंद’ हा आपण त्यासाठी तयार केलेला शब्द. माझ्या मते तो वापरूच नये. ‘मतिमंद’ आणि त्याच्यात एका अक्षराचं अंतर आहे आणि ते अंतर कुणाच्याच कानात राहत नाही.

‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’, बोलीभाषेत ‘एलडी’, ही तिसरीच गोष्ट. बुद्धी ठीक, ऐकू-दिसू येतं, शिकण्याची संधी मिळालेली आहे, तरी वाचन, लेखन किंवा गणित यातलं काहीतरी अडून बसतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हतीच, त्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ती आणली.

आणि चौथा शब्द ‘सीडब्ल्यूएसएन’, म्हणजे विशेष गरजा असलेली मुलं. हे निदान नाही, सरकारी नोंदींमधला रकाना आहे. शाळेच्या हजेरीपटावर दादूच्या नावापुढे लाल पेनने ही अक्षरं लिहिली होती. मित्रांनी विचारलं तेव्हा दादूने सांगितलं, “माझ्या नावाचा शॉर्टफॉर्म आहे.”

मी स्वतःही धुतल्या तांदळासारखी नव्हे. पहिल्या भेटीच्या शेवटी मी आईला सांगितलं, “पुढच्या बुधवारी असेसमेंट घेऊन केंद्रात या.” बुधवारी ती दोन एसट्या बदलून आली आणि ग्रामपंचायतीतून शंभर रुपये खर्च करून काढलेला घराचा असेसमेंट उतारा माझ्यासमोर ठेवला. मला हवा होता तो जुना अहवाल.

समोरचे पर्याय

वडिलांच्या मनात होती ती निवासी विशेष शाळा. हा पर्याय मी फार तोलला नाही. तिथली मुलं वेगळी, तिथला अभ्यासक्रम वेगळा, आणि दादूला तिथे प्रवेशच मिळाला नसता. तरी वडिलांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, कारण त्यामागचं कारण रास्त होतं: “इथं त्याला कुणी विचारत नाही, तिथं निदान विचारतील.”

वर्गशिक्षिकेचं मत होतं की कागदांच्या भानगडीत पडूच नये. तिसरीची पुस्तकं द्यावीत, मूलभूत वाचनाच्या गटात बसवावं, बास. तिची तळमळ खरी होती, पण यात एक खाच होती. ‘सवलत’ या एकाच शब्दाखाली आपण दोन गोष्टी घालतो. एक, तोच धडा, तोच प्रश्न, फक्त पोचायची वाट वेगळी: प्रश्न वाचून दाखवणं, तोंडी उत्तर घेणं, वेळ वाढवून देणं. याला अनुकूलन म्हणतात. दुसरी, धडाच सोपा करणं, अपेक्षाच खाली आणणं. काही मुलांना ती लागते. पण दादूला विज्ञानातही तिसरीचं पुस्तक दिलं असतं तर त्याचं वाचन सुधारलं नसतंच, वर विज्ञानही गेलं असतं.

मुख्याध्यापकांना थेट प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ हवं होतं. नोंद पूर्ण होते, शाळेची जबाबदारी कागदावर येते. त्यांचं चूक नव्हतं, घाई होती. जुन्या अहवालात ८२ आहे. तो तसाच घेऊन गेलो तर अडकणार, कारण २०१८ च्या मूल्यमापनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची चाचणी पुढे होत असे. चाचणी परत घ्यायला हवी हे नक्की. पण तो आकडा ८२ का आला, हे आधी बघायला हवं होतं.

आईला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? पहाटे साडेचारची एसटी, गाडी लागल्याने वाटेत दोनदा उलटी, पोटात काही नाही, चाचणी बाराला. आणि एक गोष्ट ती सहज बोलून गेली: “फळ्यावरचं लिहून घ्यायला तो पुढं जाऊन उभा ऱ्हातो.” चौथीपासून. म्हणजे डोळे कुणी तपासलेच नव्हते.

म्हणून ठरवलं ते असं: मदत याच आठवड्यात सुरू करायची, डोळे-कान आधी तपासायचे, बुद्ध्यांक त्यानंतर, मंडळ सर्वांत शेवटी. मदतीसाठी प्रमाणपत्र लागत नाही, हे मला मुख्याध्यापकांना कायद्याचं कलम दाखवून पटवावं लागलं. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ शाळांनाच सांगतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर अध्यापनाचे उपाय करा. प्रमाणपत्र आल्यावर करा, असं त्यात कुठे नाही.

काय केलं

पहिलं काम दादूला शाळेत परत आणायचं. मी मुख्याध्यापकांना घेऊनच घरी गेले. ओसरीवर एका कागदावर तीन चौकोन काढले आणि प्रत्येकात ‘दाखला’ लिहिलं. पहिला, शाळा सोडल्याचा: हा कुणी मागितलेला नाही. दुसरा, तज्ज्ञाचा अहवाल: तो तुमच्याकडे आहे, पण तो प्रमाणपत्र नाही, एका माणसाचं मत आहे. तिसरा, सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र: ते स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, रुग्णालयात तपासणी होऊन मिळतं, आणि हवं तेव्हाच काढायचं. सर म्हणाले, “माझं चुकलं, मी नीट सांगायला पाहिजे होतं.” वडिलांवर त्या कागदापेक्षा याच वाक्याचा परिणाम जास्त झाला. सोमवारी दादू शाळेत होता.

‘दिव्यांग’ शब्दावर मात्र वडील अडले. “पोराचे हातपाय धड आहेत, दिव्यांग कसा?” मी सांगितलं की कायद्याच्या लेखी न दिसणाऱ्या अडचणीही त्यात येतात. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही.

डोळ्यांचा नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. कान ठीक. चष्मा लागल्यावर फळ्यावरचं उतरवून घेणं सुधारलं, वाचन नाही. हे कळणंही महत्त्वाचं होतं, कारण अडचण डोळ्यांची असती तर चष्म्याने ती संपली असती.

वाचन कसं होतं ते सांगते. चौथीच्या पातळीचा साधा उतारा, मिनिटाला पंधरा शब्द. ‘सूर्य’चा रफार गायब, ‘सुय’. ‘प्रकाश’चं ‘परकाश’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ अदलाबदल. लिहिताना ‘विचार’ हा शब्द त्याने माझ्यासमोर तीनदा लिहिला आणि तीनही वेळा पहिली वेलांटी ‘च’ला लावली. त्याने सांगितलेलं कारण मी वहीत उतरवून ठेवलं आहे: “वेलांटी आधी काढायची का अक्षर आधी, तेच विसरतं. तोवर पुढचं अक्षर येतं.” देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही.

यावरून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा केला, ज्याला सगळे आयईपी म्हणतात. माझ्या पहिल्या मसुद्यात उद्दिष्ट होतं ‘वाचन कौशल्य सुधारणे’. वर्गशिक्षिकेने विचारलं, “हे सुधारलं हे मला कळणार कसं?” बरोबर होतं तिचं. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं: दिवाळीपर्यंत जोडाक्षरं नसलेला साठ शब्दांचा उतारा, चारपेक्षा कमी चुकांत. नाताळपर्यंत रफार आणि रकाराचे वीस ठरलेले शब्द. रोज परिपाठानंतर वीस मिनिटं वर्गशिक्षिका, आठवड्यातून एकदा मी. विज्ञान, इतिहास, भूगोल सहावीचंच, धडा शेजारचा मुलगा वाचून दाखवेल, उत्तर तोंडी. आईने आराखड्यावर सही करायच्या आधी तो तिला मराठीत वाचून दाखवला. सही करताना ती म्हणाली, “म्हंजे हे त्याचं वेळापत्रक हाय.” यापेक्षा चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

एक निर्णय साफ फसला. पहिल्या सत्राच्या परीक्षेला आम्ही त्याला लेखनिक दिला, पाचवीतली एक हुशार मुलगी. सवलत म्हणजे लेखनिक, हे समीकरण आमच्याही डोक्यात इतकं पक्कं होतं. दादूला सांगून लिहून घ्यायची सवयच नव्हती. तो एक शब्द बोलायचा आणि ती काय लिहिते ते बघत बसायचा. इतिहासात वीसपैकी सहा. त्याला हवा होता वाचक, लेखनिक नव्हे: प्रश्न कुणी वाचून दाखवला की उत्तर त्याच्याकडे होतं. दुसऱ्या सत्रात प्रश्न वाचून दाखवले, उत्तरं तोंडी घेतली, लेखी भागाला तासाला वीस मिनिटं जादा दिली. इतिहास वीसपैकी चौदा.

जानेवारीत जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी झाली. आदल्या दिवशी दादू मावशीकडे मुक्कामाला होता, सकाळी पोहे खाऊन गेला. मलीन यांची चाचणी, बुद्ध्यांक ९४. त्यातही तोंडी भाग कमी आणि कृतीचा भाग बराच जास्त, पण अहवालात ती दरी वेगळी लिहून घ्यावी लागली. मग अध्ययन अक्षमतेसाठीची, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची चाचणी दोन बैठकांत, मराठी उताऱ्यांवर. निदान: विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचन आणि लेखन. गणित नाही. बाजारातल्या वांग्यांनी ते आम्हाला आधीच सांगितलं होतं.

निष्पत्ती

सहावीच्या अखेरीस वाचन मिनिटाला एकेचाळीस शब्दांवर आलं. शुद्धलेखन जवळपास होतं तिथेच आहे, रफार अजून हुकतो. परत आल्यापासून हजेरी पूर्ण. आता तो तिसऱ्या बाकावर बसतो, चष्म्यामुळे म्हणा किंवा मित्रामुळे म्हणा.

प्रमाणपत्र सातवीत मिळालं. वडिलांनी ते कपाटात ठेवलं आहे आणि एसटीच्या सवलतीबद्दल चौकशीही केलेली नाही. मी आग्रह धरला नाही. शिष्यवृत्ती किंवा आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के किंवा अधिक, म्हणजे ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ लागतं. शाळेतल्या मदतीला तो आकडा लागत नाही, हे मात्र दोन वेळा समजावून सांगितलं. २०१८ च्या त्या सूचनांप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळणारं हे प्रमाणपत्र चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासून घ्यावं लागतं. ती तारीख आईने शिलाई मशीनवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवली आहे.

वर्गशिक्षिकेची जूनमध्ये बदली झाली. नव्या शिक्षकांना आराखडा मिळाला, पण कपाटातल्या गठ्ठ्यात. दीड महिना तो वाचला गेला नाही आणि ते वीस मिनिटांचं काम बंद पडलं. एकेचाळीसचे तेहतीस झाले होते, ते परत वर यायला दिवाळी उजाडली.

पुन्हा करायचं झालं तर

बुद्ध्यांकाचा आकडा आईबापांच्या हातात तसाच दिला जाऊ नये. माझ्या आधीच्या टप्प्यावर ते घडलं, पण मीही इतर मुलांच्या बाबतीत ते केलेलं आहे. आता अहवाल देताना शेवटच्या ओळीचा अर्थ मी मराठीत पाठीमागे लिहून देते आणि खाली एक वाक्य: यावरून काय ठरत नाही.

डोळे-कान चौथीतच तपासून घ्यायला हवे होते. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक दरवर्षी येतं. दादू चौथी-पाचवी या दोन्ही वर्षी गैरहजर होता आणि गैरहजर मुलांची यादी कुणी मागे लागून पूर्ण केली नाही. यात कुणा एकाचा दोष नाही, पण दोन वर्षं गेली.

हजेरीपटावरची ती लाल अक्षरं मी पहिल्याच भेटीत खोडायला सांगायला हवी होती. सांगितली सहा महिन्यांनी. नोंद संगणकावर असतेच, वर्गात हातोहात फिरणाऱ्या कागदावर तिचं काम नाही.

लेखनिकाच्या बाबतीत, आधी दोन आठवडे वर्गात सराव करून पाहिला असता तर ती परीक्षा वाया गेली नसती. शिवाय कोणती सवलत हवी हे दादूलाच विचारायला हवं होतं. नंतर विचारलं तेव्हा त्याने एका वाक्यात सांगितलं, “मला कुणी वाचून दाखवलं की झालं.”

आणि आराखडा हस्तांतरित करताना नुसता कागद न देता नव्या शिक्षकांबरोबर अर्धा तास बसायला हवं. यासाठी वेळ कुठून आणायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे पंधरामागे एक. माझ्या यादीत आज बावीस शाळा आहेत.

दादूची शाळा सातवीपर्यंतच. जूनमध्ये आई त्याला घेऊन तालुक्याच्या हायस्कुलात आठवीच्या प्रवेशाला गेली. खिडकीतून क्लार्क म्हणाले, “दाखला द्या.” तिने विचारलं, “कोणता?” क्लार्कना ते उद्धट वाटलं, असं तिने मला फोनवर सांगितलं.